गाडीचा दम

स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा ताजा होता. जुना ओरखडा काळवंडतो, त्यात धूळ बसते. हा मात्र टॉर्चच्या उजेडात चकाकत होता. स्टिअरिंगखालच्या काळ्या झाकणाचा डावीकडचा स्क्रू, आणि खाचेतून पेचकस निसटून बाजूला गेला असावा तशी एक बारीक पांढरी रेघ... गॅरेजच्या थंडगार फरशीवर गुडघा टेकून, मान वाकडी करून, तो आपल्याच गाडीच्या पोटात डोकावत होता आणि मनात म्हणत होता, बघ, उगाच नाही वाटत आपल्याला. इथे कोणीतरी हात घातला आहे. आणि ज्याने घातला त्याला एक तर घाई होती, नाही तर भीती. निवांत बसून काम करणाऱ्याचा पेचकस असा निसटत नाही.

त्याची अख्खी नोकरी विमा कंपनीसाठी आगीचे दावे तपासण्यात गेली होती. जळलेल्या गोदामांत, अर्धवट वितळलेल्या पंख्यांखाली, राखेत उकिडवं बसून आग कुठून लागली आणि ती लागली की लावली, एवढंच शोधायचं. माणसं रडून सांगायची, शपथा घ्यायची, हाताला धरून चहा प्यायला न्यायची, आणि हा खिडकीच्या चौकटीवरची काजळी बोटाने पुसून पाहायचा. निवृत्त झाल्यावर ऑफिसने बॅग परत घेतली, ओळखपत्र परत घेतलं, नाक मात्र त्याच्याकडेच राहिलं. "भाजी करपली तरी तुम्ही साक्षीदार शोधता," असं बायको म्हणायची. त्या वेळी ती हे हसून म्हणायची.

"झालं का? निघायचं ना?" दारातून तिचा आवाज आला. तो एवढ्या घाईने उठला की डोकं गाडीच्या दाराच्या चौकटीवर आपटलं. ती थर्मास घेऊन उभी होती, डोक्याला स्कार्फ बांधून, एकदम तयार. म्हणजे आजही येणार होती.

हेच तर होतं. जिला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं, जिने ही गाडी घरी आली त्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारून, "दोनच दारं? आणि बसायचं की आडवं व्हायचं हिच्यात?" एवढंच विचारलं होतं, ती हिवाळ्यापासून, तो हौसेने गाडी पळवायला जायचा त्या शर्यतीच्या ट्रॅकवर, प्रत्येक वेळी यायला लागली होती. बरं, आल्यावर बाकीच्यांच्या बायकांबरोबर सावलीत बसायची नाही. दूरच्या टोकाला, त्या आंधळ्या वळणाजवळच्या जाळीच्या कुंपणाशी एकटी उभी राहायची. कशाला? एवढं काय पाहायचं होतं तिला तिथून? आपण केलेल्या कामाचा गुण येतो की नाही, हे पाहायला माणूस असा उभा राहतो...

रस्त्याला लागल्यावर त्याने गाडीकडे कान लावला. इंजिन पाठीमागे होतं, त्याच्या पाठीच्या कण्याला जवळजवळ चिकटून, आणि एरवी तो आवाज त्याला इतका सुखाचा वाटायचा की सिग्नलला थांबल्यावरही तो खिडकी खाली करून बसायचा. मेहुणा याला म्हातारचळ म्हणाला होता. म्हणू दे. आयुष्यभर तो कंपनीच्या खटाऱ्यांतून दुसऱ्यांच्या जळक्या वस्तू पाहत हिंडला होता. आता एक वस्तू स्वतःची होती, धगधगती, आणि जळत होती ती त्याच्या मर्जीने. दुसऱ्याची वापरलेली का असेना. तिची पाचर बसावी तशी घट्ट बैठक, चामड्याचा तो किंचित आंबूस वास, गिअर पडताना तळहाताला कळणारा खट्ट असा होकार... लाज न बाळगता सांगायचं तर त्याचं या गाडीवर प्रेम होतं. आणि प्रेमात पडलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं, की काहीतरी बदललं आहे.

गाडीचा दम कमी झाला होता. गावातल्या रस्त्यावर ते कळण्यासारखं नव्हतं. पण ट्रॅकवर, त्या वळणावर—रस्ता चढत जातो, माथ्यावर पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं आभाळ, आणि तिथेच उजवीकडे वळत तो खाली पडतो—अगदी त्या माथ्यावर गाडी कच खायची. मागून कोणी कॉलर धरावी तशी. क्षणभरच. मग पुन्हा सुरळीत. पूर्वी असं नव्हतं. हिवाळ्यातल्या त्या प्रकारानंतरच हे सुरू झालं.

तो प्रकार म्हणजे... त्याच वळणावर गाडीची मागची बाजू निसटली, आभाळ, जाळी, गवत, पुन्हा आभाळ असं सगळं समोरून सरकत गेलं, आणि आवाज थांबला तेव्हा तो खडीत उलट्या तोंडाने उभा होता, हातांत स्टिअरिंग गच्च धरून. साधं खरचटलंही नव्हतं. 'रस्त्यावर तेल सांडलं होतं,' असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ट्रॅकवर शिकवणारा, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो चालत जाऊन रस्ता पाहून आला आणि म्हणाला, "असेल बुवा." बायकोलाही त्याने तेच सांगितलं. ती काही बोलली नव्हती. ती मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागाची सिस्टर होती, निवृत्त होईपर्यंत. ती बोलली नाही म्हणजे तिने मनात सगळं पाहून घेतलं होतं, रक्ताच्या पिशव्यांपासून ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत.

आणि मग, गाडी सर्व्हिसला दिलेली असताना, एका भर दुपारी ती त्याला मेकॅनिकच्या शेडमधून बाहेर पडताना दिसली. तो रस्त्याच्या पलीकडे होता, मध्ये बस उभी होती, बस हलली तेव्हा ती दिसली. मेकॅनिक हात पुसत दारापर्यंत सोडायला आला होता, आणि दोघंही हसत होती. अगदी मनापासून. घरी आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे गेली होतीस? "चष्म्याची दांडी बसवून आणली," ती म्हणाली. त्याने नंतर चष्मा उचलून पाहिला. दांडी खरंच नवी होती. पण या गोष्टीने त्याला फसवता येणार नव्हतं. लावलेल्या आगीच्या दिवशी मालक बरोबर परगावी असतो, आणि त्याच्याकडे तिकीटही असतं.

हल्लीच्या गाड्यांत काय, त्या झाकणामागे एक वायर जोडायची, लॅपटॉपवर एक आकडा बदलायचा, की घोड्याचं खेचर होतं. मालकाला पत्ताही लागत नाही.

"कसला विचार करताय एवढा?" तिने विचारलं.

"काही नाही. रस्ता बघतोय."

"बघा हो, बघा. निवांत जाऊ. आपल्याला कोण हाकतंय?" हा तिचा वॉर्डातला आवाज. या आवाजात ती पेशंटला म्हणायची, काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल, आणि मग मोठी सुई बाहेर काढायची. त्याने तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती, शांत, मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी धरून.

ट्रॅकवर नेहमीचीच मंडळी होती. ऑफिसात आठवडाभर मान खाली घालून बसणारे, दाताचे डॉक्टर, एक वकील, एक केटररीण जिची पिवळी गाडी सगळ्यांच्या पुढे असायची. डिकीतून सामान काढून जमिनीवर मांडलेलं, टायरची हवा मोजणं चाललेलं, जो तो दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक करत डोळ्याच्या कोपऱ्यातून आपलीकडे पाहणारा. मेकॅनिकही आला होता. दोन-चार जणांच्या गाड्यांचं तोच पाहायचा. हत्यारांची पेटी घेऊन तो गाड्यांमधून फिरत होता.

"या झाकणाला कोणी हात लावला होता का रे?" त्याने आवाज अगदी सपाट ठेवला.

"कुठल्या?" मेकॅनिकने वाकून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "सर्व्हिसला सगळंच उघडतो, साहेब. का, काही आवाज येतोय?"

"नाही. आपलं विचारलं."

"टायर एकदम झकास ठेवलेत तुम्ही. बाकीचे नुसते जाळतात." आणि तो कपाळ पुसत निघून गेला. न विचारता केलेलं कौतुक. त्याने ते मनातल्या मनात वेगळं काढून ठेवलं.

मग त्याच्या गटाच्या गाड्यांना ट्रॅकवर सोडलं, आणि पहिली दोन वळणं होईपर्यंत तो सगळं विसरला. हे दर वेळी असंच व्हायचं, आणि यासाठीच तो यायचा. टायर गरम व्हायला लागले की गाडी हाताशी बोलायला लागायची, रस्त्याचा प्रत्येक खरबरीतपणा स्टिअरिंगमधून मनगटात चढायचा, ब्रेक दाबला की छाती पट्ट्यात रुतायची, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की पाठीमागून ते इंजिन असं काही ओरडायचं की हेल्मेटच्या आत त्याला आपोआप हसू फुटायचं—लहान मुलासारखं, दात दाखवत, कोणी बघत नाही म्हणून. इथे कोणाची बाजू ऐकायची नव्हती. इथे रस्ता खोटं बोलत नव्हता. लांब सरळ पट्टा, गिअर, पुन्हा गिअर, चढ सुरू झाला, आभाळ जवळ आलं, माथा... आणि गाडीने कच खाल्ली. मागची बाजू जराशी हलली, अंग झटकल्यासारखी, आणि सावरली. जाळीपलीकडे स्कार्फ दिसला, गेला. पुढच्या फेरीलाही तेच. त्याच जागी. त्याच्या पुढच्या फेरीलाही. पिवळी गाडी बाजूने अशी निघून गेली की हा जणू उभाच होता.

यंत्र एकाच जागी बिघडत नाही. एकाच जागी बिघडतं म्हणजे त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं.

आत आल्यावर त्याने हेल्मेट काढलं आणि सरळ मास्तरकडे गेला. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. तज्ज्ञाला आपला संशय आधी सांगायचा नाही. नुसती वस्तू समोर ठेवायची आणि गप्प राहायचं.

"मास्तर, एक फेरी तुम्ही मारून बघता का हिच्यात? मी बाजूला बसतो."

"का, काय होतंय?"

"तुम्हीच सांगा मला."

मास्तरने खांदे उडवले, सीट पुढे ओढली, पट्टा लावला. शेजारच्या सीटवर तो प्रथमच बसत होता. इथून गाडी परकी वाटत होती, आपल्याच घरात पाहुणा म्हणून बसल्यासारखी. त्याने हात मांडीवर ठेवले, उजवा पाय समोरच्या गालिच्यावर टेकला, आणि कान मागे लावले. आता बघू. आता माथ्यावर गाडी मास्तरलाही दगा देईल, मास्तर म्हणेल, अरे, हिचा जोर कोणी कमी केला, आणि मग... मग काय करायचं हेही ठरलं होतं. तो ओरडणार नव्हता. घरी जाऊन, शांतपणे, समोर बसवून विचारणार होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग कसा बदलेल हे त्याला दिसतही होतं, आणि—कबूल करायला हवं—ते दिसल्याने त्याला एक प्रकारचं बरं वाटत होतं.

लांब पट्टा. मास्तर गुणगुणत होता. गिअर. चढ. आभाळ. आणि इंजिनचा आवाज तसाच, अखंड, भरलेला; गाडी माथ्यावरून उजवीकडे अशी वळली की जणू रूळ टाकलेले होते, मागची बाजू जमिनीला दाबून बसलेली, आणि उतारावरचा रस्ता समोर हळूच, मोठ्या मनाने उघडला. काही म्हणजे काही झालं नाही. गाडीत सगळा दम होता.

पण त्याने ते पाहिलं नव्हतं. तो खाली पाहत होता, आपल्या पायाकडे. माथ्याच्या जरासं अलीकडे, समोर नुसतं आभाळ उरलं त्या क्षणी, गालिच्यावर टेकलेला त्याचा उजवा पाय उचलला गेला होता. तिथे काही दाबायला नव्हतं, काही सोडायला नव्हतं. त्याने सांगितलंही नव्हतं. पाय आपला आपण वर आला, बोटं बुटात आखडली, आणि रस्ता दिसल्यावर पुन्हा खाली गेला—निमूटपणे, कोणी पाहिलं नाही ना अशा बेताने.

"गाडीत काही नाही," मास्तर आत आल्यावर म्हणाला. "छान आहे गाडी." मग आरसा सारखा करत, त्याच्याकडे न पाहता, "तुम्ही माथ्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढता, हो ना?"

त्याने पट्टा सोडला.

"काढायचा तर चढ लागायच्या आधी काढा. सावकाश जा, काय बिघडतं? पण वळणात शिरल्यावर मध्येच नका काढू. इंजिन मागे आहे हिचं. पाय काढला की वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि मागचं पुढे यायला बघतं. हिवाळ्यात तेच झालं तुमचं."

"तेल होतं."

"असेल," मास्तर म्हणाला आणि उतरला.

तो कुंपणाकडे चालत गेला. ट्रॅकच्या कडेकडेने चांगलाच लांब रस्ता होता, आणि चालताना प्रत्येक पावलाला उजवा पाय पुढे पडत होता, अगदी नेहमीसारखा, साळसूद. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या घरात आग लावणारे शोधले, बहुतेक वेळा ते घरातलेच निघायचे...

ती जाळीशी उभी होती. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. "आता मास्तर चालवत होते ना?"

"कशावरून?"

"आवाज खाली आला नाही. तुमचा येतो. त्या उंचवट्यावर तुम्ही पाय काढता, दर फेरीला. इथे उभं राहिलं की स्पष्ट ऐकू येतं." तिने चहाकडे बोट दाखवलं, "घ्या, गार होईल," आणि मग जाळीत बोटं अडकवून म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नका. मी त्या मेकॅनिककडे गेले होते. हिचा जोर कमी करता येतो का विचारायला."

"मग?"

"तो म्हणाला, येतो, साहेबांना कळणारही नाही. झाकण उघडायलासुद्धा बसला. मीच म्हटलं, थांबा. एवढ्या जोरात म्हटलं की दचकला बिचारा, पेचकस निसटला हातातून. मग हसायलाच लागलो दोघंही."

"थांबा का म्हणालीस?"

"का म्हणजे?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "त्याच्या आधी इथे आले होते ना मी दोनदा. ऐकलं होतं. हिवाळ्यानंतर तुम्ही आपणहून पाय काढायला लागलात. मी एका शब्दाने बोलले नव्हते, तरी. म्हटलं, हे माझ्यासाठी एवढं करतात आणि मी चोरून त्यांच्या गाडीला हात लावते. लाज वाटली मला. खरं सांगते, लाज वाटली." मग जरा थांबून, "मी इथे तेवढंच ऐकायला येते. आवाज खाली आला की मला बरं वाटतं."

हा आवाज वॉर्डातला नव्हता. त्याने शोधून पाहिलं, कान देऊन, सगळी जुनी हत्यारं काढून, पण त्यात मुंगी नव्हती आणि सुई नव्हती. ती नुसतंच सांगत होती. आणि त्याला ओरडावंसं वाटलं, की अगं, तू ज्याला माझं प्रेम समजतेस तेच मला एक दिवस या जाळीवर आणून आपटणार आहे. तुला ज्या क्षणी बरं वाटतं ना, त्याच क्षणी माझी मागची चाकं हलकी होतात. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुसरं एक वाक्य त्याच्या पोटात होतं: तुझ्यासाठी नाही. मला आठवतही नाहीस तू तिथे. तो चहा प्यायला.

"गार झालाय," तो म्हणाला.

"बघा, म्हटलं नव्हतं?" ती हसली आणि तिने झाकण त्याच्या हातातून घेतलं.

त्याच्या गटाला पुन्हा बोलावलं तेव्हा जायलाच हवं असं काही नव्हतं. कोणी विचारलं नसतं. तरीही तो पट्टा लावून रांगेत येऊन थांबला होता, पुढे पिवळी गाडी, तिच्या पुढे आणखी कोणी, मागे इंजिन दबक्या आवाजात गुरगुरत होतं. चढाच्या आधीच पाय काढावा, मास्तर म्हणतो तसा, म्हातारा होऊन. ती ऐकेल, तिला बरं वाटेल, गाडीलाही काही होणार नाही. किंवा काढूच नये. मग आवाज खाली येणार नाही, ती जाळीशी उभी राहून वाट बघेल, आणि तो यायचा नाही... दोन्ही ठरवता येत होतं. आता, इथे, रांगेत, वाटेल ते ठरवता येत होतं. पण माथ्यावर ठरवणारा वेगळाच होता, आणि त्याने आजवर याला कधीच काही विचारलं नव्हतं.

त्याने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर होता, स्थिर, हुकमाचा ताबेदार. बोल, त्याने मनात म्हटलं, जसं तो राखेत उभ्या असलेल्या मालकांना म्हणायचा, रागावून नव्हे. काय पाहतोस तू तिथे, जे मला दिसत नाही? आणि उत्तर आलं ते इतकं लगेच आलं, की जणू दाराशीच उभं होतं: मी घाबरतो. मी. त्या माथ्यावर, आभाळाकडे जाताना, मला मरायची भीती वाटते, साधी, कोणालाही वाटते तशी. हिवाळ्याच्या आधीपासून वाटते. तेल नव्हतं.

हेल्मेटच्या आत त्याचा श्वास मोठा झाला. एवढंच होतं तर. एवढंसंच. त्याला हलकं वाटलं, डोळ्यांत पाणी यावं इतकं हलकं... आणि लगेच, जुन्या सवयीने, त्याला त्या हलकेपणाचाच वास आला. कबुली देणारे लोक त्याने फार पाहिले होते. त्यांचा चेहरा असाच हलका होतो. मोठं काही आतच ठेवायचं असलं की ते असंच एखादं लहानसं कबूल करून टाकतात, रडतातसुद्धा, आणि मग समोरचा पुढे विचारत नाही.

पिवळी गाडी सुटली. लांब कुंपणाशी तो स्कार्फ वळणाच्या दिशेला वळला, ऐकायला तयार. त्याने ब्रेकवरून पाय काढला, आणि पहिल्यांदाच, गाडी हलता हलता, त्याला तिची नाही, मेकॅनिकची नाही, पायाचीसुद्धा नाही—स्वतःच्याच पायावर नजर ठेवून बसलेल्या त्या माणसाची भीती वाटली.